डिफरन्शियलमधला भुसा

गाड्यांचे ओव्हरहॉल करणाऱ्या एका ठेकेदाराने फौजेला फसवले. त्यात माझा दोस्त लान्स नायक सखाराम गेला, आणि दोष त्याच्याच नावावर लागला.

मी हवालदार मेकॅनिक होतो. पेन्शन घेऊन मालवणला आल्यावर कुडाळच्या एका व्यापाऱ्याकडून फौजेने लिलावात काढलेली जीप घेतली. दोन तास घासाघीस केली. मागच्या ॲक्सलचा जराही आवाज नव्हता. व्यापारी म्हणाला, "हवालदारानू, इतकी गप्प तर तुमची बायल पण नसतली."

पंधराव्या दिवशी चढावर ॲक्सल घरघरू लागला. ॲक्सिलरेटर सोडला की खट्ट वाजे.

सकाळी सातला अंगणात चिरे रचून मागची चाके उचलली. डिफरन्शियलच्या, म्हणजे ॲक्सलमधल्या दातेरी चाकांच्या पेटीच्या, प्लगवर शिशाचे सील होते, अखंड. ते तोडून प्लग काढला. तेलाऐवजी लापशी आली: भिजलेला लाकडाचा भुसा, त्यात पोलादाचा चुरा. झिजलेल्या दातांचा आवाज भुसा काही दिवस गिळतो. व्यापाऱ्याची गचांडी धरायलाच निघालो होतो. तेवढ्यात सीलवरचा शिक्का दिसला. तो ओळखीचा होता. मी ती लापशी एका बरणीत भरून ठेवली.

सखाराम आरोंद्याचा. सरहद्दीवर आम्ही एकाच कॉन्व्हॉयमध्ये होतो; तो तीन नंबरची गाडी चालवी, मी शेवटच्या गाडीत असे. प्रत्येक हॉल्टला डिफरन्शियलवर तळवा ठेवून दहा मोजायचे, अशी आमची रीत. त्याआधी चटका बसला तर गाडी थांबवायची.

त्या सकाळी सात दहाला सखाराम म्हणाला, "दादा, चाराक हात उचलूचो लागलो."

मी गाडीखाली गेलो. ठेकेदाराच्या ओव्हरहॉलचे सील नवे होते, त्यावर हाच शिक्का. ते तोडायचा हुकूम मला नव्हता. वरच्या चौकीला दारूगोळा हवा होता. मी म्हणालो, "आवाज खंय आसा? चल."

"तू सांगतस तर जातंय."

नऊ पंचवीसला वायरलेस आला. "तीन नंबरची मागची चाके जॅम. गाडी दरीत. ओव्हर."

"ड्रायव्हर?"

"गाडीतच होता. ओव्हर."

गाडी वर काढता आली नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरीने लिहिले: चालकाची चूक. माझ्या 'चल'बद्दल कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

आठवड्याने सुटे भाग आले. क्राऊन व्हील आणि पिनियन बदलले, नवे बेअरिंग घातले. तेलात शेंदूर कालवून दातांना लावला आणि दात कुठे टेकतात ते पाहिले. बरोबर टेकेपर्यंत तीनदा खोलले. मग जीप घेऊन आरोंद्याला गेलो. वाटेत थांबून तळवा ठेवला. दहा झाले.

सखारामच्या आईपुढे सील ठेवले. सगळे सांगितले, माझे 'चल'सुद्धा. तिने सील उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या झिलान चूक केल्यान नाय?"

"नाय."

सील आणि भुशाची बरणी माझ्याकडे आहे. माझी चूक मी इथे लिहिली. आता ज्याने भुसा भरून सील मारले आणि ज्याने दरीत न उतरता 'चालकाची चूक' लिहिले, त्या दोघांनी आरोंद्याला येऊन त्या म्हातारीला उत्तर द्यावे. लान्स नायक सखारामने चारालाच हात उचलला होता. आणि तसे सांगितलेही होते.