चाकांची घोडी आणि मुद्दा क्रमांक चार

आमच्या घरची गाडी एकदा इंजिन बंद असताना, चारही चाकं जमिनीपासून वीतभर वर असताना, अंगण ओलांडून शेजारच्या वच्छलाकाकूंच्या कूलरपर्यंत गेली.

गाडीत कोणी बसलेलं नव्हतं. गाडीला कोणी ओढत नव्हतं. आणि हे सगळं सुरक्षिततेच्या प्रचारासाठी झालं. प्रचारक मी होते.

मी वर्ध्याला एका छोट्या संघटनेत काम करते. कामाच्या जागी माणसं मरू नयेत, एवढंच आमचं म्हणणं. (हे इतकं साधं म्हणणं लोकांना पटवायला पत्रकं का छापावी लागतात, हा माझा जुना संताप आहे!) कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्राच्या उघड्या पट्ट्यावर मी पत्रक काढलंय, फवारणी करताना तोंड बांधण्यावर काढलंय, हेल्मेट डोक्याऐवजी कोपराला घालणाऱ्यांवर तर दोन काढलीत. माझ्या पत्रकांत पूर्णविराम फारसे नसतात. उद्गारचिन्हांवर भागतं!

आणि शनिवारी गावी, रोहण्याला घरी यावं, तर रविवारी सकाळी काय दिसावं? माझाच बाप गाडीखाली! आणि गाडी विटांवर!

बाबांचं गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे. शौक मात्र गाडीचा. घराच्या बाजूला टिनाचं शेड, त्यात जुनी पांढरी व्हॅन. रविवारी दुकान बंद असलं की बाबा व्हॅनखाली. जॅक लावून गाडी वर घ्यायची, खाली दोन विटा, विटांवर जुन्या बैलगाडीचा लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर दुमडलेलं पोतं (हे कशासाठी, ते मला आजतागायत कळलेलं नाही, गाडीला टोचू नये म्हणून असावं). आणि या देखाव्याखाली बाबा उताणे.

मला बाहेरून त्यांचे फक्त पाय दिसायचे. एक चप्पल पायात, एक बाजूला. मी दर दोन मिनिटांनी हाक मारायचे.

"बाबा?"

"हूं."

मग दोन मिनिटं मी श्वास घ्यायचे.

"बाबा, नऊ क्विंटल लोखंड हाये तुमच्या छातीवर!"

"छातीवर नाई. विटेवर हाये."

"वीट फुटली तर?"

"पंधरा वर्सं झाले. फुटली काय?"

"नाई."

"मंग? पाना दे तेरा नंबरचा."

मी आईकडे अपील केलं. आई म्हणाली, "मंजू, मी सांगून सांगून थकली बाप्पा. तू लिहितं ना लोकायसाठी? घरासाठीबी लिही एखादं."

तर मी लिहिलं. शीर्षक : 'गाडीखाली जाणाऱ्या बापांनो, जागे व्हा!' पण नुसतं जागं होऊन बापांनी करायचं काय? पर्याय दिला पाहिजे. पर्याय म्हणजे जॅक स्टँड. गॅरेजवाले त्याला घोडी म्हणतात. चार पायांचं लोखंडी तिकाटणं, जॅकने गाडी उचलली की तिच्याखाली ठेवायचं, म्हणजे जॅकनं दगा दिला तरी गाडी घोडीवर बसते, माणसावर नाही. (तिकाटण्याला चार पाय कसे, असं बाबांनी विचारलं. मी दुर्लक्ष केलं.)

वर्ध्याच्या बाजारात मी दुकान गाठलं. दुकानदार शेठ वयस्कर, शांत. त्यांनी दोन नमुने पुढे ठेवले. एक हलका, स्वस्त, वेल्डिंग असं की जणू कोणी मुंग्यांची रांग चिकटवलीय. किती वजन पेलतो, ते कुठेच लिहिलेलं नाही. दुसरा जड, वजन कोरलेलं, दाते असलेला खांब आणि वरून आडवी खुंटी. किंमत ऐकून माझ्यातलं पत्रक जागं झालं.

"म्हणजे ज्याच्याजवळ पैसे त्यानंच जगायचं का? सुरक्षितता ही काय श्रीमंतांची मक्तेदारी आहे?"

"ताई," शेठ म्हणाले, "मी फक्त घोड्या विकतो."

पण माणूस चांगला. त्यांनी समजावून सांगितलं : वजन लिहिलेलं पाहा, खुंटी पाहा, पाय रुंद पाहा, आणि पाय जमिनीवर सपाट बसून तिथून हलले नाही पाहिजेत. मी वहीत पहिले तीन मुद्दे लिहिले. चौथा सांगत असताना मी मक्तेदारीवरचं पुढचं वाक्य मनात जुळवत होते.

एवढं बोलून झाल्यावर तिथून महागाची घोडी घेणं मला तत्त्वात बसेना. स्वस्तातली घेणं तर पापच. मग मला एकदम सुचलं! स्थानिक कारागीर! आपल्या गावचा गजूभाऊ वेल्डर काय मेलाय?

गजूभाऊ मेलेला नव्हता. उलट ऐन सीझनमध्ये होता. एप्रिल सुरू होता, आणि आमच्याकडे एप्रिलमध्ये वेल्डर फक्त एकच वस्तू बनवतो : कूलरचा स्टँड. चार पाय, वर चौकट, खाली चार छोटी चाकं, म्हणजे भरलेला कूलर या खिडकीवरून त्या खिडकीला सरकवता येतो. रोहण्यातले अर्धे कूलर गजूभाऊच्या स्टँडवर उभे आहेत.

"गाडीचा?" गजूभाऊने चष्मा वर केला. "बनवून टाकतो ना ताई. कूलर पेलते तर गाडी काऊन नाई पेलन? पानी भरल्यावर कूलर काय कमी असते काय?"

"मजबूत पाहिजे, भाऊ. जाड अँगल. रुंद पाय. खुंटी."

"हत्ती ठेवजो."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "ताई, चाकं लावू काय?"

इथे मी थांबून कबूल करते की हा प्रश्न मला विचारण्यात आला होता. स्पष्ट आवाजात. रेंजही चांगली होती.

मी विचार केला : घोड्या जड. बाबांचं वय साठच्या पुढे. उचलताना कंबर धरली तर? सरकवता आल्या तर किती छान!

"लावा!" मी म्हणाले. नुसतं म्हणाले असते तरी चाललं असतं. मी ते पत्रकात छापलं. पाचशे प्रती. मुद्दा क्रमांक चार : 'ज्येष्ठांचा त्रास वाचावा म्हणून स्टँडला चाकं असणे अत्युत्तम!'

रविवारी सकाळी जाहीर प्रात्यक्षिक ठेवलं. अंगणात खुर्च्या, आईचे तर्री-पोहे, दहा-बारा माणसं. पहिल्या खुर्चीवर वच्छलाकाकू. त्यांचं घर आमच्या शेजारीच, मध्ये कुंपण नाही, आणि त्यांची ओसरी आमच्या अंगणापेक्षा जराशी खाली. शेडच्या फरशीलाही बाबांनी तिकडेच उतार दिलेला, गाडी धुतली की पाणी निघून जावं म्हणून. (या उताराचं महत्त्व त्या वेळी फक्त पाण्याला माहीत होतं.)

गजूभाऊने चार घोड्या आणल्या. काय देखण्या होत्या! निळा ऑइलपेंट, सरळ रेघेतलं वेल्डिंग, आणि पायांना सोळा चकाचक चाकं.

बाबांनी एक घोडी बोटाने ढकलली. ती भुर्रकन भिंतीपर्यंत गेली.

"हे चाकं कायले, गजू?"

"ताईनं सांगतलं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून उभी होते, नवी ओढणी घेतली होती, डोळ्यांत चमक. बाबांनी घोडी परत जागेवर आणून ठेवली. त्यांना माझं मन मोडवेना. (इतक्या वर्षांत त्यांनी माझं मन मोडायला हवं होतं असा हाच एक प्रसंग, आणि नेमका तिथेच माणूस हळवा झाला!)

शेडमध्येच एकेक कोपरा उचलत व्हॅन घोड्यांवर चढवली. पुढची चाकं, मग मागची. शेवटचा जॅक काढला. व्हॅन चारही घोड्यांवर उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजूभाऊने अंगठ्याने कपाळाचा घाम पुसला. मी भाषण केलं. बाप, वीट, मक्तेदारी, स्थानिक कारागीर, सगळं घेतलं. आणि शेवटी म्हणाले, "विश्वास शब्दांनी बसत नाही! म्हणून मी स्वतः या गाडीखाली झोपून दाखवणार आहे!"

"अवं, कपडे भरतीन ना!" आई म्हणाली.

मी चटई टाकली, बसले आणि पाय आत सरकवले. गुडघ्यापर्यंत.

"थांब," बाबा म्हणाले.

"बाबा, विश्वास ठेवा ना!"

"ठेवून राह्यलो. पन मले आधी ढकलून पाहू दे. विटायवर ठेवतो तवाबी मी ढकलून पाह्यतो, मंगच आत जातो."

"लोक पाहून राह्यले, बाबा!"

"पाय काढ."

बाबा असं बोलत नाहीत. दुकानात उधारी बुडवणाऱ्यालाही त्यांनी कधी या आवाजात हटकलं नसेल. मी फुरंगटून पाय काढले आणि चटईवरून उठले. बाबांनी मला दंडाला धरून मागे घेतलं आणि दुसऱ्या हाताने व्हॅनला टेकल्यासारखं केलं. ढकललं म्हणणंही जास्त होईल.

सोळा चाकं आधी आपापल्या दिशेला बघत होती. ती एकेक करत वळली. सगळ्यांचं एकमत झालं. आणि व्हॅन निघाली.

धावत नाही हो! लग्नाला आलेल्या मोठ्या माणसासारखी, संथ, भारदस्त, कोणाकडेही न बघता. माझी चटई तिने पोटाखाली घेतली आणि चाकांत गुंडाळून सोबत नेली. गजूभाऊ तिच्या मागे "अबे! अबे!" करत गेला, जणू ती ऐकणार होती. आई पोह्यांचं पातेलं उचलून बाजूला झाली. आणि हातात प्लेट घेतलेल्या वच्छलाकाकू ओरडल्या,

"मंजू! गाडी माह्या घरी चालली वं! अन् घरी कोनी नाई!"

घरी कूलर होता. काकूंच्या ओसरीवर, भरलेला, चालू, गजूभाऊच्याच स्टँडवर. व्हॅन त्याला बंपरने हळूच टेकली. इतकंच. त्यासरशी तिच्या एका घोडीची दोन चाकं फुटली, व्हॅन कण्हली आणि एका अंगावर बसली. पण कूलरची चाकं शाबूत होती! तो निघाला. वायर ताणली, पिन सुटली, आणि कूलर ओसरीच्या टोकाला ठेवलेल्या बाजेवर जाऊन थडकला. बाजेवर काकूंच्या कुरड्या वाळत होत्या. कूलरमधलं सगळं पाणी कुरड्यांवर. तीन दिवसांच्या मेहनतीच्या कुरड्या परत चिकात गेल्या.

काकूंनी हातातली प्लेट खाली ठेवली. मग गजूभाऊ हळूच म्हणाला, "पन वेल्डिंग नाई सुटलं हं."

लोक हसायला लागले. मीही हसणार होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की माझा दंड बाबांनी सोडलेला नाही. ते गाडीकडे बघतच नव्हते. ते चटईच्या जागेकडे बघत होते. चटई आता तिथे नव्हती.

संध्याकाळी काकूंकडे आई आणि मी नव्याने गहू भिजत घालायला गेलो. (काकूंनी मला चिकाला हात लावू दिला नाही. "तू फक्त बस. अन् चाक असलेल्या कोनत्याच वस्तूले हात नको लावू.") परत आले तर बाबा शेडमध्ये विटा उचलून मोरीजवळ रचत होते.

"ह्या काऊन काढून राह्यले?"

बाबांनी हातातली वीट विटेवर नीट बसवली. मग म्हणाले, "आज तुहे पाय दिसले ना मले. नुसते पाय. बाकी आत जाऊन राह्यली होती तू." आणखी एक वीट उचलत म्हणाले, "तू मले दर दोन मिंटानं काऊन हाका मारतं, ते मले आज कळलं."

पाचशे पत्रकं, एक भाषण, आईची पंधरा वर्षं. यातल्या कशानेही न झालेलं काम माझ्या दोन पायांनी केलं, तेही फक्त गुडघ्यापर्यंत.

सोमवारी आम्ही एसटीने वर्ध्याला गेलो. त्याच दुकानात. शेठनी मला ओळखलं, पण काही बोलले नाहीत, एवढं मोठं मन. बाबांनी जड घोडी उचलली, वजन वाचलं, खुंटी काढून-घालून पाहिली, फरशीवर ठेवून चारी बाजूंनी ढकलली. ती हलली नाही.

"चार नको," शेठ म्हणाले. "जोडी घ्या. एकाच बाजूनं उचला अन् जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा." म्हणजे परवडतही होतं! मी विचारलंच नव्हतं. मी मक्तेदारीवर बोलत होते.

आता बाबा रविवारी घोड्यांवरच्या गाडीखाली असतात आणि मी शेजारी बसून पत्रकं दुरुस्त करते. पाचशे प्रतींतला मुद्दा क्रमांक चार निळ्या पेनाने खोडायचा आणि वर हाताने लिहायचं : 'आत जाण्याआधी ढकलून पाहा.' उद्गारचिन्ह नाही. बाबा म्हणाले, त्याची गरज नाही. मी अजून हाक मारते, पण आता दहा मिनिटांतून एकदा. कधी कधी तर मीच विसरते, आणि आतून आपोआप येतं, "हूं."

गजूभाऊच्या निळ्या घोड्यांचं वाईट झालं नाही. दोन-दोन जोडून, नवी चाकं लावून त्यांचे दोन कूलर स्टँड झाले. त्यातला एक त्याने भरपाई म्हणून वच्छलाकाकूंना दिला. गावात इतका मजबूत स्टँड कोणाकडे नाही.

काकूही समाधानी आहेत. फक्त दर रविवारी दुपारी कूलर लावण्याआधी त्या ओसरीवर येतात, आमच्या शेडकडे मान वाकडी करून पाहतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जिल्ह्यातल्या या सुरक्षा प्रचारिकेला विचारतात,

"मंजू, गाडी घरीच हाये ना वं?"

"हाव, काकू."

"अन् तू?"

"मीबी घरीच हावो."

"मंग राहू दे बाप्पा. पंख्यावरच भागवतो."