आतोबांचं झाड कुठलं?

आत्याला आमच्या इमारतीत सगळे काटेआत्या म्हणतात. स्वभावावरून नव्हे. स्वभावाने ती गरीबच आहे, काट्यांचा मान खरं तर तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. पण तिने गच्चीवर निवडुंग जमवले आणि नाव तिला चिकटलं.

जन्मभर तिने एका शिंप्याच्या दुकानात काज-बटणं केली. हजार पांढऱ्या बटणांतून एक पिवळट बटण ती चिमटीत पकडून बाहेर काढायची. तीच नजर तिने निवडुंगांना लावली. रोपवाटिकेत ज्यांना हेजहॉग म्हणतात, ते बुटके, गोल, अंग गोळा करून बसलेल्या प्राण्यासारखे निवडुंग. लोकांना ते सगळे एकसारखे दिसतात. आत्या अंगावरच्या उभ्या धारा, म्हणजे कंगोरे, मोजायची. काटे ज्यातून फुटतात त्या एका ठिपक्यात कडेचे काटे किती, मधला किती लांब, त्याचं टोक वाकडं की सरळ, हे बघायची. फूल आलं की त्याच्या नळीवर लव आहे का ते भिंगातून पाहायची आणि शेवटी ब्लेडने फूल उभं चिरायची. वर्षाकाठी येणारं फूल चिरताना तिचा चेहरा उतरायचा, पण आतले केसर कुठून फुटतात ते कळल्याशिवाय जात ठरत नाही, म्हणायची. मग श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाची पट्टी कापून तिच्यावर नाव लिहायची आणि कुंडीत खोचायची.

बाबांना हे सगळं थोतांड वाटायचं. ते टपालखात्यात पत्रांची वर्गवारी करत. त्यांच्या मते जगातल्या प्रत्येक गोष्टीसाठी आधीच एक खण तयार आहे, आपण फक्त टाकायचं. ऊन जास्त लागलं की काटे लांब होतात, सावलीत आखूड होतात, एवढ्यावर तू दहा जाती पाडतेस, असं ते तिला ऐकवत. काटे मोजणारी बाई म्हणून पाहुण्यांसमोर हसत. ती आपली काटे मोजत राहायची. मीच चिडायचे.

तिच्या सगळ्या कुंड्यांत एक वेगळी होती. आतोबा ट्रक चालवायचे. कुठल्याशा लांबच्या खेपेवरून त्यांनी रुमालात गुंडाळून निवडुंगाचं एक पिल्लू, म्हणजे मोठ्या झाडाच्या अंगाला फुटलेलं रोपटं, आणलं होतं. लांब पांढरे काटे, मधला लालसर, फूल फिकट गुलाबी. पिल्लं द्यायला ते झाड महाकंजूष. आतोबा गेले आणि त्या पट्टीवर जातीच्या नावाखाली आत्याने ‘ह्यांचं’ असं लिहिलं. बाबांकडे आमच्या बाल्कनीत तसाच एक निवडुंग होता, आखूड तपकिरी काट्यांचा. तोही एकुलता एक. टपालात एक पार्सल फुटलं, पत्ता कुणाला लागला नाही, त्यातून निघालेलं ते झाड. बाबांचं म्हणणं, तुझं आणि माझं झाड एकच आहे. आत्या म्हणायची, नाही. ह्या एकाच बाबतीत ती आवाज चढवायची.

मग आत्या लेकीच्या बाळंतपणाला गेली. बाळ अशक्त होतं, त्यामुळे ती दोन वर्षं तिकडेच अडकली. जाताना कुंड्या बाबांवर सोपवून गेली. कुंपणच शेत खाईल हे तिला काय माहीत!

बाबांनी काय करावं? दोन्ही झाडं उपटली. सारख्या काळ्या कुंड्यांत, सारख्या खतमातीत, एकाच खिडकीत लावली आणि रोज पाणी घातलं. सारखं वाढवून बघू, म्हणाले, एकदाचा निकाल लागेल. निकाल लागला. दोन्ही बुंध्याशी सडली. दोन्हींच्या अंगावरचं एकेक पिल्लू तेवढं वाचलं. ते त्यांनी रुजवलं आणि वर तोंड करून मला सांगितलं की आता तर प्रयोग आणखीच चोख झाला. नावाच्या पट्ट्याही काढून टाकल्या. माणसाने नाव वाचून नव्हे, झाड बघून ओळखावं म्हणे! अहो, पण ही परीक्षा मागितली होती कोणी? मी भांडले, तर म्हणाले, कुंडीच्या बुडाशी पेन्सिलीने खूण केली आहे, मी काय मूर्ख आहे का?

आत्या परत आली त्या आठवड्यात दोन्ही फुलली होती. बाबांनी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, खिडकीशी नेलं आणि सगळं अभिमानाने सांगितलं. झाडं सडल्याचंही त्याच सुरात. आत्याने पदराने भिंग पुसलं. धारा मोजल्या. काटे मोजले; दोन्हीकडे ते आता सारखेच लांब आणि सारख्याच रंगाचे होते. मग ब्लेड मागितलं आणि दोन्हीकडचं एकेक फूल चिरून बराच वेळ बघत राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“दादा, तुझं बरोबर होतं,” ती म्हणाली. “एकच जात आहे.”

बाबांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची लाज वाटली.

“आता ह्यांचं कुठलं ते सांग.”

बाबांनी एक कुंडी उचलून बुडाशी पाहिलं. मग दुसरी उचलली. दोन वर्षांच्या पाण्याने बूड स्वच्छ धुतलं होतं. ते खाकरले. आणि हा माणूस, माझा जन्मदाता, विधवा बहिणीला म्हणाला, “सारखीच तर आहेत. घे कुठलंही.”

आत्याने दोन्ही कुंड्या काखेत धरल्या आणि दाराकडे निघाली. काटे दंडाला टोचत होते, तिला त्याचं काही नव्हतं.

“अगं, थांब. त्यातलं एक माझं आहे,” बाबा घाईने म्हणाले.

“सारखीच आहेत ना? तुला दुसरं आणून देते रोपवाटिकेतून.”

“दुसरं कसं चालेल? ते पार्सलातलं आहे. नोकरीला लागलो तेव्हापासूनचं.”

आत्या वळली. दोन्ही कुंड्या तिने जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि भिंग बाबांच्या हातात दिलं.

“मग काढ ओळखून. तुझं मिळालं की माझंही मिळेल.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदतीला गेले नाही. शेवटी ते खुर्ची ओढून बसले, चष्मा कपाळावर सरकवला आणि पहिल्या कुंडीवर वाकून काटे मोजू लागले.