पंचफुलाबाईंची केनियातली पात

राळेगावच्या पंचफुलाबाईंनी चाळीस वर्षं कापूस वेचला, पण धरलेली पात, म्हणजे आपल्या वाट्याची ओळ, कधी अर्धी सोडली नाही. मुलगा धम्मदीप केनियात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे गेल्या तेव्हा घरच्यांनी त्यांना कॉफीचा मळा दाखवायला नेलं. मळेवाल्यानं पाहुण्यांना टोपल्या दिल्या. पिकलेली लाल फळं तेवढी तोडा, फोटो काढा, दहा मिनिटांनी बस निघेल, असं सांगितलं.

पंचफुलाबाईंनी टोपली सुनेकडे, रुपालीकडे दिली, पदराची ओटी बांधली आणि दोन्ही हात चालवायला सुरुवात केली. थोड्या वेळानं बसचा हॉर्न वाजला.

"आई, चाल ना! लोकं खोळंबून राह्यले," धम्मदीप म्हणाला.

"पात अर्धी टाकून गेली तं बाया काय म्हणतीन?"

"कोणत्या बाया? राळेगाव कुठं अन् हे कुठं!"

त्यांनी हनुवटीनं शेजारची ओळ दाखवली. मळ्यावरच्या दोन मजूर बाया हातातलं काम थांबवून त्यांच्याकडेच पाहत होत्या.

"ह्या."

हॉर्न पुन्हा वाजला. धम्मदीपनं फोन खिशात घातला आणि टोपली घेऊन ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून तोडायला लागला. मग रुपाली आली. शेवटी बसचा वैतागलेला ड्रायव्हरही आला. पंधरा मिनिटांत मायलेक मधल्या झाडापाशी भेटले. बाईंनी त्याची टोपली चाळली आणि चार हिरवी फळं त्याच्या तळहातावर ठेवली.

"शिकला तेच बरं झालं. तुले कोणी रोजानं कामाले नसतं सांगितलं."

भाषा न कळताही शेजारच्या बाया खो खो हसल्या.