हात माझे, आवाज दुसऱ्याचा

“शेकलीस की काय हिला? हलगी आहे का ही?”

सर असं म्हणाला आणि सांगलीच्या त्या स्टुडिओतली सगळी पोरं फिदीफिदी हसली. सर म्हणजे स्टुडिओचा मालक. जुनी गाणी नव्यानं वाजवून घ्यायचा, म्हणजे कव्हर, आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकायचा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करत होते. इथं करणार नाही.

त्यानंच मला बोलावलं होतं. कोरेगावजवळच्या आमच्या गावातून एसटीनं गेले होते, बेस गिटार पाठीला लावून. गाणं वाजवून झालं. मग त्यानं बाकीची सगळी वाद्यं बंद केली आणि माझा एकटीचा बेस स्पीकरवर मोठ्यानं लावला. तारा दांडीवर घासत होत्या. घर्र, घर्र.

“काय केलंस हिला?”

मी खरं ते सांगितलं. दमट दिवस होते. आई म्हणाली होती, “आवाज बसलाय गं हिचा. सादळली आसंल. जरा ऊन दाखव.” उघडीप मिळाली तशी मी गिटार पत्र्यावर ठेवली, दुपारभर. आमच्याकडं वाद्य सादळलं की तापवतात. मी लहानपणापासून तेच बघितलेलं. चामड्याला जे चालतं ते लाकडाला चालत नाही, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही. दांडी वाकली, ते मला कळलंही नाही.

“जाऊ दे,” सर म्हणाला. “हलगी बडवणाऱ्यांच्या हातात बेस दिला की असंच व्हायचं.”

मी हलगीचं नावही काढलं नव्हतं. पण पहिल्याच भेटीत त्यानं आडनाव विचारलं होतं. आडनावावरून काही कळेना तेव्हा गावात घर कुठल्या अंगाला आहे, ते विचारलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी उठून गेले नाही. मला त्या व्हिडिओत यायचं होतं ना.

मग कॅमेरा लावला. गिटारची वायर त्यानं स्वतःच्या हातानं काढली.

“तू फक्त हात हलव. मुलगी दिसली की लोक थांबतात. बेसचा आवाज माझ्या भाच्याचा घेतो.”

आणि मी हलवले. तोंड हसरं ठेवून.

व्हिडिओ लय फिरला. आईनं सगळ्या आळीला दाखवला. “माझ्या लेकीनं वाजिवलंय,” म्हणायची. शेजारच्या आत्यानं तर माझ्या हातांवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली, दृष्ट काढली. शेवटी जेवताना मी घरात सगळं सांगितलं. दादा, म्हणजे माझे वडील, त्यांनी ताट बाजूला सारलं.

“बौद्ध झाल्यावर तुझ्या आज्यानं गावकीची हलगी टाकली. गावानं पीठ दळायचं बंद केलं आमचं. तरी न्हाई वाजिवली. गावकी टाकली त्यानं, हात न्हाई टाकलं. आपल्या जयंतीला सगळ्यांच्या म्होरं त्योच हलगी वाजवायचा. आन तू? वायर काढल्याल्या गिटारीवर बोटं नाचवून आलीस व्हय?”

सरचं बोलणं चपराकीसारखं गालावर लागलं होतं. हे आत लागलं.

मिरजेत एका तंतुवाद्यांच्या दुकानात गिटार नेली. दांडीच्या आत सळई असते, ती पिळून त्यांनी दांडी सरळ करून दिली. घरी येऊन मी तेच गाणं वाजवलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि कानाला लावलं.

घरघर गेली होती. तरी वाजवणं वाईटच होतं. एक तार छेडली की शेजारची उगाच गुणगुणत राहायची. कडवं संपून ध्रुवपदाकडं वळताना मी लय सोडून पळत सुटायचे. म्हणजे दांडी वाकडी नसती तरी सरला नावं ठेवायला जागा होती. ह्याचाच मला जास्त संताप आला. त्याला बोलायला एवढीशीसुद्धा जागा ठेवायची नाही, असं मी मनाशी धरलं.

मग बसले. गाणं निम्म्या लयीवर आणलं. उजव्या हाताचा अंगठा वरच्या तारेवर टेकवून ठेवायचा, डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर आडवी निजवायची, म्हणजे जी वाजवायची तीच वाजते. ठोका मोबाइलवर लावला आणि वळणाचा तेवढाच तुकडा घोटला. बोटांना फोड आले, फुटले, कातडी निबर झाली. कंटाळा आला की तो जुना व्हिडिओ लावायचे. माझं हसरं तोंड बघितलं की कंटाळा कुठल्या कुठं पळायचा. लोक म्हणतात, राग धरू नये. का धरू नये? मला रागानंच शिकवलं.

वाजवणं मनासारखं झालं तेव्हा मी ते माझ्या चॅनेलवर टाकलं. कॅमेरा फक्त हातांवर. खाली लिहिलं, ‘ह्या गाण्याच्या आधीच्या व्हिडिओत हात माझे होते, आवाज दुसऱ्याचा. सरांनी वायर काढून घेतली होती. हा आवाज माझा.’

लोकांनी दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले. बोटं एकीकडं, सूर दुसरीकडं. सरच्या चॅनेलवर जो तो तेच विचारायला लागला. त्याचा फोन आला.

“अगं, ते वाक्य काढ. माझी अब्रू जातेय. आपण घरातले आहोत.”

“कुठल्या अंगाच्या घरातले, सर?”

तो गोड झाला. “असं कर, तुझा हा नवा आवाज मी आपल्या जुन्या व्हिडिओला लावतो. तुझं नाव टाकतो, मोठ्या अक्षरात. साताऱ्याच्या कार्यक्रमात पण तुलाच घेतो.”

हेच मला हवं होतं. वर्षापूर्वी ह्यासाठी मी त्याच्या पाया पडले असते.

“न्हाई,” मी म्हणाले. “माझा आवाज त्या हसऱ्या तोंडाला लावायचा न्हाई. आणि वाक्य निघायचं न्हाई.”

“सूड उगवतेस?”

“व्हय.”

त्यानं त्याचा व्हिडिओ काढून टाकला. माझ्याकडं तो मोबाइलात उतरवून ठेवलेला आहे. माझ्या वाजवण्यात अजून एक जागा मला खटकते, शेवटच्या ओळीला बोट जरा लवकर पडतं. ती सुधारेन आणि गाणं परत टाकेन. मग आणखी काही खटकेल, तेही सुधारेन, परत टाकेन. दर वेळी आधीपेक्षा चांगलं वाजवेन. आणि दर वेळी खाली तेच वाक्य लिहीन.