मानाची जोडी

आमच्या घरात पाटीलकी उरली होती ती वर्षातल्या एका दुपारपुरती. सरकारनं वतनं रद्द केली तेव्हा बाबा शाळेत जात होते. पाटीलकीचं दप्तर गेलं, अधिकार गेला, पण पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी आमचीच जायची. ती गेल्याशिवाय गावातला एकही बैल पाऊल टाकत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ बाबांच्या मानेत होता आणि मला तो फार आवडायचा.

आम्ही दोघी बहिणीच. मी अकोल्यात कॉलेजात इतिहास शिकवते, धाकटी अमरावतीला असते. तेल्हाऱ्याकडच्या आमच्या गावात बाबा, त्यांचे दोन बैल आणि भिंतीला भिंत लागून माझ्या चुलत भावाचं घर. बाबांचा गुडघा कामातून गेला, कासरा धरून चालणं होईना, तेव्हा गावानं मनातल्या मनात मान त्या पुतण्याला देऊनही टाकला. पुतण्याची ना नव्हती. मला तो आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा वाटायचा आणि मी हे तोंडावर बोललेही होते. माझी जीभ अशीच आहे.

बाबा मात्र आतून खंगत होते. दोन पोरी असताना आपलं घर बिनवारशाचं ठरतं, हे त्यांना सोसत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्या खाटेशी बसून मी वर्गासाठी टिपणं काढत होते. विषय होता इंग्लंडातल्या जुन्या सरदारांचे किताब. काय लिहून राहिली, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की राजा एखाद्या बड्या जमीनदाराला पत्र धाडून सल्लामसलतीला बोलवायचा आणि त्या बोलावण्यातूनच पुढे घराण्याचा किताब व्हायचा. बापामागून तो थोरल्या मुलाला मिळायचा.

"अन् पोरीच असल्या तं?"

"सगळ्या सारख्याच वारस. म्हणून मग कुणालाच नाही. किताब झोपून राहतो. एकच वारस उरेपर्यंत, नाहीतर राजा एकीला देईपर्यंत. कधी कधी शेकडो वर्षं."

बाबा खाटेवर उठून बसले. "म्हनजे दोघीले सारखा हक्क, म्हनून दोघीलेई नाई? अन् शेकडो वर्सं भिजत घोंगडं? हे तं आपल्या भावकीपेक्षाई येडे दिसतेत."

आम्ही पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवशी चहाची बशी खाली ठेवत बाबा म्हणाले, "त्याहिच्यापाशी बैलजोडी नसंन. आपल्यापाशी बैल दोन, पोरी दोन. एकेकीनं एकेक कासरा धरा. जोडीई मोडत नाई अन् मानाचे तुकडेई पडत नाईत."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी झाली. लोणी-हळद लावून आम्ही बैलांचे खांदे चोळले आणि बाबांनी रीतीप्रमाणे त्यांच्या कानात सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." चुलत भावाला बोलवायचं का, असं धाकटीनं विचारलं. मीच म्हटलं, कशाला.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली मी पांढऱ्याचा कासरा धरला, कारण तो माझा लाडका, तांबडा धाकटीचा. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून झाल्या, वाजंत्री सुरू झाली आणि बैल जागचे हलेनात. ओढलं, चुचकारलं, पाठीवर थाप मारली. मागे सगळं गाव खोळंबलं. "बायकाइचं काम नाई हे," कुणीतरी म्हणालं. बाबा लांब देवळाच्या ओट्याशी खुर्चीवर बसून हातवारे करत होते; डफड्यात काही ऐकू येईना.

तेवढ्यात चुलत भाऊ आपली जोडी दुसऱ्याकडे देऊन पुढे आला. हा आता कासरा घेणार, म्हणून मी तो मनगटाला गुंडाळला. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, बाजू चुकली. पांढरा जनमभर डावीकडं चालला. बदला."

आणि तो परत आपल्या जागी गेला. आम्ही बाजू बदलल्या. बैल घरच्या वाटेला लागल्यासारखे निघाले, तोरण तुटलं. बाबा सगळ्या गावासमोर रडत होते आणि डोळेही पुसत नव्हते.

मला माझी लाज वाटली. पुरणपोळीचं ताट घेऊन मी चुलत भावाच्या दारी गेले. त्यानं ताट घेतलं, पाट मांडला. म्हणाला, "काल आवतन दिलं असतं तं कालच सांगतलं असतं."

त्या हिवाळ्यात बाबा गेले. बैल त्याच्या गोठ्यात गेले, बैलांबरोबर मानही गेला असं मी धरून चालले. आणि खरं सांगते, आता मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. पुढच्या पोळ्याची सुट्टी मी पेपर तपासण्यात घालवायची ठरवली होती.

आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"ताई, खांदमळनी करून राहिलो," तो म्हणाला. "धाकटीलेई सांग, कासरे दोन हायेत. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."