रॉकेटचा पाय

कुणी नवखा माणूस त्यांच्या पायाकडे चोरून बघू लागला, की मिस्त्री बसल्या जागीच विजारीची डावी बाजू गुडघ्यापर्यंत वर ओढायचे आणि म्हणायचे, "चोरून कशाला बघता? नीट बघा की. रॉकेटचा पाय हाय."

मग बोटांच्या पेरांनी नडगीवर दोनदा वाजवून दाखवायचे. बघणारा ओशाळायचा, मिस्त्री हसायचे आणि चहा सांगायचे. साखर कारखान्याच्या फाटकासमोर तुम्ही कधी एसटीची वाट बघत थांबला असाल, तर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कारखान्याने ज्यांचं काहीतरी ठेवून घेतलेलं असतं आणि तरी जी फाटकापासून लांब जात नाहीत.

आमचा कारखाना बीड जिल्ह्यातला, सहकारी. नाव सांगत नाही. मी तिथे टाईम ऑफिसात होतो, मिस्त्री गव्हाणीवर फिटर होते. गव्हाण म्हणजे उसाच्या मोळ्या कटरकडे ओढून नेणारी लोखंडी साखळ्यांची सरकती पट्टी. तिच्या कडेने एक दोरी असते. ती ओढली की गव्हाण थांबते. त्या हंगामात ती दोरी तुटली होती. मिस्त्रींनी तीनदा सांगितलं होतं, त्यातलं एकदा माझ्याच खिडकीत उभं राहून. मी वर कळवलं. वरून निरोप आला की गाळप चालू राहू द्या, साफसफाईच्या बंदला बघू.

बंद यायच्या आधीच मोळ्या अडकल्या. पट्टी थांबवून मिस्त्री पहार घेऊन आत उतरले. स्विचवरच्या माणसाला ते दिसले नाहीत. पट्टी हलली तेव्हा त्यांनी सवयीने दोरीसाठी हात वर केला. दोरी नव्हती. डावा पाय गुडघ्याखाली गेला.

संध्याकाळी लेबर ऑफिसरांनी मला बोलावून घेतलं. अपघाताचा अहवाल माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, कारण माझं अक्षर चांगलं होतं. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "सदर कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे." मी पेन थांबवून दोरीचं म्हणालो. ते म्हणाले, दोरी जागेवर आहे, जाऊन बघा. मी गेलो. अपघातानंतर दुपारीच नवी दोरी बसवली होती, पांढरी, अजून तेलाचा डागही न लागलेली. मी परत आलो आणि वाक्य पूर्ण केलं.

त्या एका शब्दाने भरपाईचा दावा बारगळला. बदल्यात वर्षभराने चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाला कारखान्याच्या मैदानात कृत्रिम पायांचं शिबिर भरलं. पहिला पाय मिस्त्रींना. चेअरमनसाहेबांनी स्वतः वाकून पट्टा बांधल्याचा फोटो निघाला आणि पुढची कितीतरी वर्षं तो कारखान्याच्या वार्षिक अहवालात छापून येत राहिला.

मिस्त्रींना फोटोचं काही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष शहरातून आलेल्या त्या तंत्रज्ञ पोराकडे. पाय इतका हलका कसा, उन्हात विरघळतो का, ऑइल लागलं तर चालतं का, एकामागून एक प्रश्न. आपला पाय इतका मन लावून बघणारा माणूस त्या पोराला बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. त्याने जेवण सोडून सगळं समजावलं. रॉकेटच्या कामासाठी हलका आणि चिवट फोम शोधायला शास्त्रज्ञांनी किती वर्षं घातली, त्याच जातीच्या मालापासून हा पाय कसा झाला, आणि अशा किती गोष्टी आकाशातल्या कामातून माणसांच्या घरात उतरल्या.

तेव्हापासून मिस्त्रींना छंदच लागला. सरकारी दवाखान्यात कानात धरून ताप बघायचं यंत्र आलं, की हे सांगणार, "हे बी वरचंच हाय. ताऱ्याची ऊब मोजता मोजता आपल्या कानापत्तुर आलं." टँकर भरायच्या विहिरीवर सौर पंप बसला, तर त्या निळ्या पाट्यांपाशी जाऊन उभे राहायचे. माझ्या चष्म्याच्या काचेला ओरखडा पडत नाही, त्याचंही श्रेय त्यांनी अंतराळवीरांना देऊन टाकलं. पोरं चेष्टा करायची, "मिस्त्री, चंद्रावर कवा जाता?" ते शांतपणे म्हणायचे, "तिथं बी पाणी न्हाई म्हनतेत. मग हितंच काय वाईट हाय रं?"

हे ऐकून सगळे हसायचे, पण ते हसणं फार दिवस टिकलं नाही. सलग दोन वर्षं पाऊस गेला. ऊस जनावरांच्या छावण्यांत चारा म्हणून गेला, गव्हाण गंजत पडली. माणसं कमी करायची ठरली आणि पाय गेल्यापासून फाटकावर राखणीला बसवलेल्या मिस्त्रींचं नाव यादीत पहिलं आलं. ज्या कारखान्याला त्यांनी पाय दिला होता, त्याने त्यांना अर्ध्या पानाचं पत्र दिलं.

मिस्त्री गेले नाहीत. फाटकासमोरच्या लिंबाखाली चार पत्रे उभे करून त्यांनी दुकान थाटलं. स्वतःचा पाय त्यांनी एकदा उकलून पाहिला होता, त्यामुळे आत काय असतं ते त्यांना ठाऊक होतं. शिबिरातले पाय ढेकळांतून आणि उसाच्या सडांतून अनवाणी चालणाऱ्या माणसांसाठी केलेले नव्हते. वर्षा-दोन वर्षांत बोटांशी चिरायचे, आणि शिबिरवाले तोवर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असायचे. मिस्त्री ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तळ कापून बसवायचे, ट्यूबचं रबर पंक्चरवाल्याकडून भाजून घ्यायचे. ट्रॉलीखाली आलेले ऊसतोड मजूर यायचे, विहीर खणताना सुरुंगात सापडलेला एक जण यायचा. सिरसाळ्याकडचा एक मेंढपाळ आला, त्याच्या शिबिरातल्या पायाची बोटं त्याच्याच कुत्र्याने चावून खाल्ली होती. मिस्त्रींना हसू आवरेना. म्हणाले, "कुत्र्याला म्हनावं, रॉकेट खाल्लंस, आता उडून दाखव." पण काम मात्र असं केलं की तो मेंढपाळ मेंढरांमागे परत दहा कोस चालू लागला.

याच काळात अपंगाच्या दाखल्यासाठी त्यांना अपघाताच्या कागदाची नक्कल लागली. ती मिळाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्या खिडकीत आले. कागद माझ्यासमोर धरला.

"अक्षर तुमचं हाय, साहेब."

मी म्हणालो, मला सांगितलं तसं मी लिहिलं.

"हां. तेच म्हनलो मी. साहेब आपल्या मनानं असं लिवायचे न्हाईत."

एवढं बोलून त्यांनी कागदाची घडी घातली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना फक्त एक सांगून गेले. घरी बायको म्हणते, तुमची नजर ठिकाणावर असती तर पाय गेला नसता. इतकी वर्षं ते तिला सांगत होते की दोरी नव्हती. आता तिने पुतण्याकडून हा कागद वाचून घेतला. कारखान्याचा शिक्का बघितल्यावर ती त्यांचं कशाला ऐकेल?

पुढे पाऊस झाला, ऊस उभा राहिला, धुराडं पेटलं. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली. जुन्या चेअरमनसाहेबांच्या खुर्चीत आता त्यांचे चिरंजीव होते. त्यांनी त्याच मैदानात पुन्हा शिबिर घेतलं. माईकवर नावं पुकारायचं काम माझ्याकडे होतं. पहिलं नाव मिस्त्रींचंच लिहिलेलं होतं, जुन्या फोटोशेजारी नवा फोटो छापायचा म्हणून. त्यांचा पाय तेव्हा पार संपला होता. टायरवर टायर चढवून तो इतका जड झाला होता की रॉकेटचं त्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्यांचे पाय नीट करणाऱ्या त्या माणसाला नव्या पायाची खरोखर गरज होती, हे लक्षात ठेवा.

मी नाव पुकारलं. मिस्त्री सावकाश पायऱ्या चढले. चेअरमनसाहेब पट्टा घेऊन वाकले, फोटोवाला सरसावला. मिस्त्रींनी पाय मागे घेतला. माझ्यापुढचा माईक आपल्याकडे वळवून ते म्हणाले, "पाय नको, साहेब. माझ्या कागदावर निष्काळजीपणा लिवलाय, तेवढा शब्द खोडून द्या. दोरी तुटलेली होती."

चेअरमनसाहेब सरळ उभे राहिले. त्यांनी लेबर ऑफिसरांकडे पाहिलं, लेबर ऑफिसरांनी माझ्याकडे. "असं काही आहे का हो?" चेअरमनसाहेबांनी मला विचारलं, अगदी साधेपणाने. त्यांना खरंच काही माहीत नसावं.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मला निवृत्त व्हायला तीन वर्षं होती, मुलगा कारखान्यातच रोजंदारीवर लागला होता. हे आत्ता तुम्हाला सांगतोय. तेव्हा एवढा विचारही केला नाही. तोंडातून आपोआप निघालं, "रेकॉर्ड बघावं लागेल, साहेब."

चेअरमनसाहेब माईकमध्ये हसून म्हणाले, बघू, नक्की बघू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लेबर ऑफिसरांनी मला खुणावलं आणि मी पुढचं नाव पुकारलं. मिस्त्री खाली उतरले. नवा पाय टेबलावर तसाच राहिला. तो दुसऱ्या कुणाच्या मापाचा नव्हता, म्हणून नंतर भांडारात गेला.

रेकॉर्ड कुणी बघितलं नाही. मीही नाही, आणि मला तर बघायचीही गरज नव्हती.

मिस्त्री दोन वर्षं त्याच जड पायावर चालले. कृत्रिम पायाची वरची वाटी घासून गुडघ्याखाली जखम झाली. जखमेला चिंधी बांधून ते दुसऱ्यांचे तळ कापत बसायचे. मी चारदा म्हणालो की भांडारातला पाय काढून आणतो. ते म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या, साहेब. फुकटचं लई महाग पडतं मला." जखम चिघळली, अंगात विष भिनलं. अंबाजोगाईला नेलं तेव्हा उशीर झाला होता. पत्र्याच्या दुकानात दुरुस्तीला आलेले नऊ पाय लटकत होते. ज्याचे त्याने येऊन नेले, काही अर्धेच झालेले.

कारखाना पुढे बंद पडून अवसायनात निघाला. मी निवृत्त झालो. मग एके दिवशी बसून मी चांगल्या अक्षरात सगळं लिहिलं. दोरी कधी तुटली, त्यांनी कितीदा सांगितलं, नवी कधी बसली, तो शब्द कुणी सांगितला आणि कुणी लिहिला. खाली सही केली. अवसायकांच्या कार्यालयात नेऊन दिलं. तिथल्या बाईंनी शांतपणे वाचलं आणि सांगितलं की ते दप्तर वाळवीने गेलं, आता दुरुस्ती करायला मूळ कागदच नाही. वाटलं तर आवक नोंद करून देते, म्हणाल्या. मी नको म्हणालो.

मिस्त्रींची बायको लेकीकडे कडा गावात राहते असं कळलं होतं. एसटीने गेलो. वहिनी दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं. मी कागद काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. त्या ऐकत होत्या, सुपातले हात हळूहळू थांबत गेले.

"म्हंजी दोरी नव्हतीच."

"नव्हती, वहिनी."

"आन् तुमाला ठाव होतं."

"होतं."

"मी लई बोलले त्यांना," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी बी बोलले."

मग त्या उठून आत गेल्या. तांब्या भरून आणला, माझ्यासमोर ठेवला, माझ्या हातातला कागद न घेताच परत आत गेल्या. मी पाणी प्यालो. शेवटची एसटी निघायची वेळ होईपर्यंत तिथेच बसलो होतो. त्या बाहेर आल्या नाहीत.