खळ लावलेला राक्षस

गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या शाळेत मी मराठी शिकवते, आणि माझ्या स्वतःच्या मुलीला चौथीत जाईपर्यंत मराठीचं एक पान धड वाचता येत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बाहेर मैत्रिणींशी सगळं हिंदीत, घरी मी पुस्तक उघडलं की हिला तहान लागायची, नाहीतर पोटात दुखायचं. मी चिडायची, ती रडायची, धडा तिथंच राहायचा.

मग रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी घर बदलताना जुन्या मराठी चित्रकथांचं खोकं शाळेला देऊन टाकलं. तिसऱ्या दिवशी माझी मुलगी त्या खोक्याशेजारी पालथी पडून वाचत होती. बोट ठेवून, अडखळत, पण वाचत होती. पाणीसुद्धा नको होतं तिला. मी दाराआडून बघितलं आणि मला रडू आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पंधरा दिवस बरे गेले. मग तिसरीतल्या एका पोराने गळ्यात टॉवेल बांधून गोठ्याच्या टिनावरून उडी मारली. खाली तणशीचा ढीग होता म्हणून त्याचे हातपाय शाबूत राहिले. ढिगाशेजारी बसलेल्या बकरीने मात्र दोन दिवस चाऱ्याला तोंड लावलं नाही. बकरी पोराच्या आजोबांची आणि आजोबा शाळा समितीचे अध्यक्ष. खोकं रद्दीत घाला, असं त्यांनी बैठकीत सांगून टाकलं. त्या पुस्तकांत मारामारी आहे, भुतं आहेत, आणि राक्षस तर कमरेला एवढंसं फडकं गुंडाळून गावभर फिरतो. मी म्हटलं, तुमच्या नातवाला टिनावर चढायला शिडी काही चित्रकथेने आणून दिली नाही. हे बोलायला नको होतं, कारण शिडीही त्यांचीच होती.

बरीच घासाघीस होऊन तडजोड निघाली. वाईट चित्रं झाकायची आणि पुस्तकं ठेवायची. दोन आठवड्यांनी समिती तपासणार, तोवर पोरांना हात लावू द्यायचा नाही. झाकायचं काम अर्थात माझ्या गळ्यात. मला ते अजिबात पटलं नव्हतं, पण खोकं गेलं असतं तर पोरीचं वाचनही त्याच रद्दीवाल्याच्या गाडीत बसून गेलं असतं. म्हणून मी मुकाट्याने कात्री घेतली.

आमच्याकडे घरात भात असताना डिंक विकत आणणाऱ्याला लोक हसतात. पताका, पतंग, वह्यांची कव्हरं, सगळं भाताच्या खळीनेच चिकटतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीने पातेलंभर खळ घोटून दिली. हाताच्या सवयीने तिने त्यात मीठ आणि चिमूटभर हळदही टाकली होती. चार दिवस मी पांढऱ्या कागदाचे तुकडे कापून चिकटवत बसले. राक्षसाचं फडकं झाकलं तर त्याने काहीच नेसलेलं नाही असं वाटायला लागलं, म्हणून मग अख्खा राक्षस झाकला. आता वीरपुरुष पानापानावर भिंतीशी भांडत होता. झाकलेली पुस्तकं मी कुलूपबंद ठेवली. शाळेत कुलूप लागणारी खोली एकच, खिचडीच्या तांदळाची.

तपासणीच्या दिवशी अध्यक्षांनी पहिलं पुस्तक उघडून तोंडासमोर धरलं आणि त्यातून मला त्यांचा डोळा दिसला.

उंदरांनी समितीपेक्षा कडक काम केलं होतं. मी चिकटवलेली चिठ्ठी खाल्ली, खालचं चित्र खाल्लं आणि त्याच्या पाठीमागचंही खाल्लं. पाठीमागच्या बाजूला बहुतेक ठिकाणी राक्षसाला शिक्षा होत होती, तीही गेली. पाप नाही आणि शिक्षाही नाही. आता ह्या भोकाभोकाच्या चिंध्या कोण वाचणार, असं अध्यक्षांनी विचारलं. दारात उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, मी वाचते. मी डोळे वटारले, पण तिने पुस्तक घेतलंसुद्धा.

तिने घडाघडा वाचलं. भोक आलं तरी थांबली नाही, भोकात जे नव्हतं तेही वाचलं. राक्षसाने वीराची मुंडी पिरगाळली. त्याचा रस्सा केला. रश्शात मीठ जास्त झालं म्हणून आचाऱ्यालाही खाल्लं. यातलं काहीएक मूळ पुस्तकात नव्हतं. मी जमिनीकडे बघत होते. संपलं, गेलं खोकं, एवढंच डोक्यात होतं. पान उलटायला ती जरा थांबली.

"थांबली काऊन?" अध्यक्ष म्हणाले. "मंग पुढं का झालं, सांग ना."

पुढचं सगळं ऐकून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बाकीची समिती आपल्याकडेच बघते आहे. त्यांनी घसा खाकरला, पुस्तकांत आता आक्षेपार्ह असं काही उरलेलंच नाही म्हणाले आणि सही केली. बकरीचा विषय कुणी काढला नाही.

खोकं वर्गात परत आलं. मुलीने भोकांच्या मागून कोरे कागद लावले, आणि त्यात तिची स्वतःची चित्रं सुरू झाली. परवा मी एक पान उघडलं. राक्षसाच्या एका हातात कात्री, दुसऱ्या हातात पातेलं. डोळ्यांवर चष्मा, आणि चष्म्याच्या एका काडीला दोरा बांधलेला. गोंदियात असा चष्मा एकच आहे आणि तो माझ्या नाकावर असतो. खाली लिहिलं होतं, हा राक्षस चित्रं खातो.

मला राग आला, अगदी खराखुरा. मावशीकडून वाटीभर खळ आणली, मापाची चिठ्ठी कापली, तिला खळ लावली. चिकटवण्याआधी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. कुणी न सांगता माझ्या मुलीने मराठीत लिहिलेलं ते पहिलं वाक्य होतं. चिठ्ठी मी चुरगाळली, आणि उरलेली खळ हजेरीपटाच्या सुटलेल्या कव्हराला लावली.